शंभरावे नाव

गेल्या दिवाळीत आमचा नातू पुण्याहून धाराशिवला आला तो एक लॅपटॉप, दोन जीन्स आणि एक भयपट घेऊन. फराळाचे डबे उघडण्यापूर्वी त्याने तो भयपट उघडला. रात्री जेवणे आटोपली, सौ. ओट्यावरून फडके फिरवीत होत्या, आणि हे चिरंजीव मला म्हणाले, "आजोबा, बसा ना जवळ. एकट्याने बघायला भीती वाटते."

सतरा वर्षांचा घोडा! भीती वाटते तर बघतोस कशाला, असे विचारणार होतो. पण विचारले नाही. आम्ही तरी वेगळे काय केले? वाचनालयातून नारायण धारपांचे पुस्तक आणायचे, डोक्यावरून पांघरूण घेऊन ते वाचायचे आणि मग रात्री परसात जायला आईला उठवायचे. भीतीसुद्धा सोबतीने खाल्ली तरच पचते. मी उशी पाठीला लावून बसलो.

चित्रपटाचे नाव 'द फ्लाय', म्हणजे माशी. १९८६ सालचा. नातवाने माहिती पुरवली की याच नावाचा एक जुना चित्रपट १९५८ सालीही निघाला होता. एक शास्त्रज्ञ असतो. वस्तू एका पेटीत अदृश्य करायची आणि दुसऱ्या पेटीतून बाहेर काढायची, असे यंत्र त्याने बनवलेले असते. एका रात्री दारूच्या आणि मत्सराच्या भरात तो स्वतःच पेटीत शिरतो. आत एक माशी असते, ती त्याला दिसत नाही. यंत्र बिचारे प्रामाणिक. आत दोन जीव आहेत असे त्याला आढळते आणि दोघांचा मिळून एक करून ते बाहेर सोडते. पुढचे वर्णन दिवाळी अंकात करण्यासारखे नाही. त्याची नखे गळतात, दात गळतात आणि शेवटी तो स्वतःच आपल्या प्रेयसीकडे मरण मागतो.

चित्रपट मध्येच थांबवून नातवाने विचारले, "आजोबा, सिनेमातला शास्त्रज्ञ नेहमी वेडाच का असतो?"

स्वयंपाकघरातून उत्तर आले, "शहाणा असता तर त्याने वेळेवर जेवून घेतले असते."

सौं.चे उत्तर वाटते तितके गमतीचे नाही. हे सगळे शास्त्रज्ञ आठवून पाहा. मेरी शेलीबाईंचा फ्रँकेन्स्टाईन १८१८ सालचा, म्हणजे सर्वांत थोरला. तो घरच्यांची पत्रे आली तरी उत्तर लिहीत नाही. ऋतू येतात आणि जातात, याला पत्ता नसतो. प्रेतांचे तुकडे जोडून केलेला तो जीव एकदाचा डोळे उघडतो, तेव्हा हा काय करतो? घाबरून पळून जातो. लोक त्या जीवालाच फ्रँकेन्स्टाईन समजतात. पण ते नाव करणाऱ्याचे, केलेल्याला बिचाऱ्याला नावच नाही. बारसे करण्याइतकाही वेळ बापाने दिला नाही. पुढे १८८६ साली डॉक्टर जेकिल आला. त्याने स्वतःच औषध घेतले आणि आपल्यातला दुष्ट माणूस मोकळा सोडला. मग वेल्सने लागोपाठ दोन वर्षांत दोन दिले: १८९६ साली जनावरांची माणसे बनवणारा डॉक्टर मोरो आणि १८९७ साली अदृश्य होणारा ग्रिफिन. या ग्रिफिनने प्रयोगासाठी बापाकडचे पैसे चोरले. ते पैसे बापाचे नव्हतेच, म्हणून बापाने स्वतःला गोळी घालून घेतली. आणि हा पठ्ठ्या सांगतो की मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही!

ज्ञानाची तहान हे यांचे पाप, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. तहान कुणाला नसते? माझ्या मते खरा घोटाळा निराळाच आहे. प्रयोगाच्या वहीत आकडे चढू लागले की समोरचे माणूस हळूहळू पुसट होत जाते. आधी घरचे, मग शेजारचे, शेवटी स्वतःचेच हातपाय. ग्रिफिन अदृश्य झाला खरा, पण त्याच्या आधी कितीतरी दिवस त्याला दुसरी माणसे दिसेनाशी झाली होती. हे मी मोठ्या अधिकाराने सांगतो आहे असे वाटेल. थोडासा अधिकार मला आहे, पण त्याकडे नंतर येतो.

नातवाला म्हटले, "ठेव ती माशी. स्वतःवर प्रयोग केलेला खराखुरा शास्त्रज्ञ सांगतो. आणि तोही आपल्या मुंबईचा."

"आपल्या? मराठी?"

मराठी नव्हे, जन्माने ओडेसाचा ज्यू, नाव वाल्डेमार हाफकिन, जन्म १८६०. ज्यू असल्यामुळे त्याच्या देशात त्याला पुढची वाट बंद होती. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत आला तो ग्रंथालयात काम करायला. रात्री उशिरापर्यंत पटकीचे जंतू वाढवी. १८ जुलै १८९२ रोजी त्याने पटकीची लस प्रथम टोचली ती स्वतःला. पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि महिन्याभरात हाफकिन मुंबईत हजर झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मोठी प्रयोगशाळा मिळाली असेल असे वाटत असेल, तर ऐका: एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या लवाजम्यावर त्याने तीन महिन्यांत लस केली. जंतू वाढवायला जो रस्सा लागे तो त्याने बकऱ्याच्या मांसाचा केला, म्हणजे हिंदूंना आणि मुसलमानांना दोघांना चालावा. आणि वर तूप सोडले. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबतात तसे. (तुपाचे नाव ऐकून सौ. दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शास्त्रज्ञाविषयी त्यांचे मत तिथेच किंचित सुधारले.)

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस स्वतःच्या अंगात घेतली. सडकून ताप आला, अंग ठणकले, आणि त्यातून तो उठला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. कैदी 'आपखुशीने' पुढे येतो म्हणजे नक्की काय, हा प्रश्न आज आपण विचारू. त्या काळी तो फारसा कुणी विचारला नाही.

काळ कसा होता पाहा. प्लेगच्या नावाने सोजीर घराघरांत शिरत होते. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. माझी आजी सांगायची, उंदीर पडायला लागले की गाव उठून माळावर झोपड्या घालून राहायचे. सरकारी माणसाने सुई पुढे केली की लोकांना ती सुई दिसत नसे, सरकार दिसे. अशा दिवसांत लोकांनी दंड पुढे करावा म्हणून आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-बंगल्यात प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन संस्था. हे नाव तिला १९२५ साली मिळाले.

"मग?" नातू म्हणाला. "तो राक्षस झाला का?"

"झाला नाही. केला."

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुल्कोवाल नावाचे खेडे. त्या दिवशी १०७ माणसांना लस टोचली. त्यांतली १९ माणसे धनुर्वाताने मेली. ती १९च्या १९ एकाच बाटलीतून टोचलेली होती. बाटलीचा नंबर ५३-एन. बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला, असे चौकशीत पुढे आले. मुल्कोवाल कुठे, परळ कुठे! पण चौकशी मंडळाचा रोख परळकडे राहिला. हाफकिनने लस करण्याची पद्धत थोडी बदलली होती, कार्बोलिक घालणे सोडले होते. म्हणजे दोष कारखान्याचाच, असे ठरले. माणसाला कामावरून दूर केले. विलायतेत जाऊन तो वर्षानुवर्षे आपले निरपराधित्व सिद्ध करीत बसला.

त्याच्या बाजूने उठलेल्यांत रोनाल्ड रॉस होता. हा रॉस आमच्या जवळचा. आमचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि त्याच राज्यात, सिकंदराबादेला, २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला. तोही चळलेलाच गडी. उकाड्यात एकामागून एक डास फाडीत बसायचा, घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. वेड्याची बाजू घ्यायला वेडाच लागतो. १९०७ च्या जुलैत रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून सांगितले की हाफकिनवरचा आरोप टिकत नाही. सरकारने त्याला निर्दोष ठरवून परत बोलावले. पण कुठे, तर कलकत्त्याला, जिथे लस तयार करण्याची सोयच नव्हती. ज्या परळच्या प्रयोगशाळेतून पुढे १९२५ पर्यंत दोन कोट साठ लाख मात्रा बाहेर पडल्या, तिथे त्याला पुन्हा बसू दिले नाही. तो १९३० साली लोझानला वारला. लग्न केले नव्हते.

वेल्सच्या गोष्टीत ग्रिफिनला अखेर गावकरी धरतात आणि फावड्याने मारतात. मेल्यावर त्याचे शरीर हळूहळू दिसू लागते. ते पुस्तक आणि हाफकिनची लस एकाच वर्षीची. योगायोग आहे, त्यातून जास्त काढू नये. पण मला नेहमी वाटते की वेडा शास्त्रज्ञ लोकांच्या मनात आधीपासून तयार होता, नुसता चेहरा लावायचा बाकी होता. एकोणीस माणसे मेली आणि तो लागला.

नातू म्हणाला, "म्हणजे शास्त्रज्ञाची चूक नव्हतीच."

इथे 'नव्हती' म्हणून झोपायला गेलो असतो तर बरे झाले असते. कित्येक वर्षे मी तसेच करीत आलो.

मी आरोग्य खात्यात लागलो तो १९६९ साली, देवी टोचायला. खेड्यांत आम्हाला 'देवीडाक्टर' म्हणत. सायकल, गळ्यात लशीचा थर्मास, पिशवीत रजिस्टर. आम्ही शिवेवर दिसलो की पोरे कडब्याच्या गंजीत लपत. एकदा तर मी कणगीतून दोन पोरे काढली आहेत. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "आमची देवी तुळजापुरात हाय. तुमची ही कोणची काढली?" मी तुळजापूरच्या नावाने हात जोडले आणि तिच्या नातवाचा दंड धरला. असा हजरजबाबीपणा त्या कामात लागे. काम मात्र मला मनापासून आवडे. देवी जगातून हटवायची, हे स्वप्न काही लहान नव्हते. १९७५ च्या मे महिन्यात हिंदुस्थानातला शेवटचा रोगी नोंदला गेला, तेव्हा आम्ही कचेरीत कुंथलगिरीचे पेढे वाटले.

पण सांगायचे आहे ते १९७१ च्या उन्हाळ्यातले. उमरगा तालुक्यातले एक गाव. त्या दिवशी सकाळपासून माझ्या रजिस्टरात ९९ नावे झाली होती. शंभर कुणी मागितले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. साहेबांचा हुकूम नव्हता की काही नाही. शेजारच्या विभागातल्या माझ्या सोबत्याने आदल्या आठवड्यात एका दिवसात ९८ केली होती, एवढेच. ऊन उतरले होते, सायकलची चेन पडत होती, आणि मला शंभर हवी होती.

गावकुसाजवळच्या शेवटच्या घराच्या दारात एक बाई उभी होती. कडेवर दीड-दोन वर्षांची पोर, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. ताप असलेले मूल पुढच्या फेरीला ठेवावे, हे आम्हाला शिकवलेले होते. बाई काहीतरी सांगू लागली, "हिचं कालपास्नं..." मी म्हणालो, "काही होत नाही, एक मिनिट." पोरीचा दंड हातात घेतला. तो गरम लागला. उन्हाने असेल, असे मी मनाला सांगितले. दाराशी ऊन नव्हते. टोचले, नाव विचारले, लिहिले, आकडा घातला. पोर रडली नाही, हेही मला चांगलेच वाटले. सायकलवर बसून मी शीळ घालीत निघालो.

तिसऱ्या दिवशी कळले की पोर गेली.

पुढच्या फेरीला गावच्या वेशीवरच माझी सायकल धरली. कुणी हात उचलला नाही. पोरीचा बाप नुसता बघत उभा होता, कुणीतरी मागून म्हणाले, "ह्योच त्यो." डॉक्टर येऊन चौकशी करून गेले. त्या गल्लीत चार-पाच मुलांना हगवण-ओकारी होती, विहिरीचे पाणी नासले होते, ही पोरही दोन दिवस आधीपासून आजारी होती. मृत्यू लशीने नव्हे, असे त्यांनी लिहिले आणि माझी समजूत आहे की ते खरेच होते. तरी माझी बदली झाली. गावकऱ्यांचा राग शांत करायला एक माणूस हलवावा लागतो, तो मी. वरिष्ठांवर मी खूप चिडलो होतो. काही वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी परळला गेलो, तिथे हाफकिनची सारी हकिगत कळली, आणि मला कोण आनंद झाला! आपणही असेच, न केलेल्या गुन्ह्याचे धनी. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात स्वतःला छोटा हाफकिन समजू लागलो. व्याख्याने दिली, शाळांतून ही गोष्ट रंगवून सांगितली, टाळ्या घेतल्या.

पण हाफकिनच्या हातात मुल्कोवालची ती बाटली नव्हती. माझ्या हातात तो दंड होता, आणि तो मला गरम लागला होता. पोर लशीने गेली नाही. मात्र त्या दिवशी मी ऐकून घेतले असते, हगवण आहे हे कळले असते, तर मीठ-साखरेचे पाणी पाज, दवाखान्यात ने, एवढे तरी सांगितले असते. नेली असती की नाही, कोण जाणे. गल्लीतली बाकीची मुले वाचली.

हे मी नातवाला सांगितले तेव्हा सौ.ही ऐकत होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना बदलीची गोष्ट ठाऊक होती, गरम दंडाची नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. खाली बसून त्यांनी नातवाच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

आणखी एक सांगायचे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण आमच्या जिल्ह्यातली सास्तूरकडची गावेही तशीच भुईसपाट झाली होती. तिसऱ्या दिवशी मला तिकडे पाठवले. एका झाडाखाली ताडपत्री बांधून टेबल टाकले होते. जखमी लोकांना धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे. नर्सबाई टोचायच्या आणि मी नावे लिहायचो. रांग संपत नव्हती. एक बाई पुढे आली, पायाला फडके गुंडाळलेले. नाव सांगितले, गाव सांगितले. नांदायचे गाव निराळे, इकडे लेकीकडे आली होती. गावाचे नाव लिहिताना माझे पेन थांबले. वर पाहिले. तिने मला आधीच ओळखले होते.

मागे दीडशे माणसे उभी होती. मी पेन खाली ठेवले आणि विचारले, "ताप आहे का, बाई? आणखी काही होतंय? पोट, उलटी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता इचारताव व्हय, डाक्टर?"

मी म्हणालो, "हो."

"न्हाई ताप," ती म्हणाली, आणि नर्सबाईंकडे वळून तिने दंड पुढे केला.

नातवाचा लॅपटॉप केव्हाच काळा पडला होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आजोबा, तिच्या पायाला काय झालं होतं?"

पत्रा लागला होता, मी सांगितले. चौथ्या दिवशी ती फडके बदलायला पुन्हा आली होती. जखम कोरडी होती.